डॅशबोर्डची प्रिंट आणि पीडीएफ

डॅशबोर्ड म्हणजे आकडे, चार्ट, टेबलं असं सगळं एकाच स्क्रीनवर मांडलेला रिपोर्ट. त्याची प्रिंट किंवा पीडीएफ काढणं म्हणजे दिसायला कंट्रोल पी एवढंच काम, पण रिपोर्ट लांब असला की त्यातला मजकूर गळतो आणि गळला हे कुठेच कळत नाही. एरर येत नाही, फाईल नीट उघडते, पानंही व्यवस्थित दिसतात, म्हणून हा घोळ जास्त वाईट.

समजा महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचं टेबल अकारविल्हे लावलंय, चौकटीत एका वेळी १५ ओळी दिसतात आणि बाकीच्या स्क्रोल करून बघायच्या. प्रिंट काढली की अकोल्यापासून त्या १५ ओळी येतात आणि संपलं, सोलापूर नाही, हिंगोली तर नाहीच. कागदाला स्क्रोल नसतो ना. यावर उपाय असा की प्रिंटसाठी वेगळं सीएसएस, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणारे नियम, लिहायचं (ही सोय १९९८ च्या सीएसएस २ पासून आहे), त्यात चौकटीची ठरवलेली उंची काढून टाकायची आणि ओव्हरफ्लो व्हिजिबल करायचा, म्हणजे चौकटीबाहेर जाणारा मजकूर लपवायचा नाही, मग टेबल पूर्ण उलगडतं. पण काही टेबलं वेग वाढवायला फक्त दिसणाऱ्याच ओळी वेबपानात ठेवतात, बाकीच्या स्क्रोल केल्यावर तयार होतात, तिथे सीएसएस काय करणार, ओळी वेबपानात नाहीतच! तिथे प्रिंटच्या आधी सगळा डेटा लोड करून घ्यावा लागतो.

रुंदीचाही प्रश्न येतो. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, ब्राउझर इंचाला ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे उभ्या पानाला जेमतेम ७९४ पिक्सेल मिळतात आणि त्यातून मार्जिन जातो तो वेगळाच. १९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर मांडलेलं टेबल त्यात कसं बसणार, उजवीकडचे कॉलम कापले जातात नाहीतर अक्षर मुंगीएवढं होतं. आडवं पान घ्यावं, कॉलम कमी करावेत. एक्सेलमधे सगळं शीट एका पानावर कोंबू नये, फक्त सगळे कॉलम एका पानाच्या रुंदीत बसवावेत आणि लांबी वाढू द्यावी, शिवाय प्रिंट टायटल्स लावलं की कॉलमची नावं प्रत्येक पानावर येतात.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढली तरी टेबलच्या स्क्रोलखालचं येत नाही, आणि लांब यादीसाठी मायक्रोसॉफ्टने पॅजिनेटेड रिपोर्ट हा वेगळाच प्रकार ठेवलाय, जो पानापानाने वाढत जातो. मला हाच रस्ता सगळ्यात बरोबर वाटतो, बघायचा डॅशबोर्ड वेगळा आणि छापायचा रिपोर्ट वेगळा.

बारीकसारीक गोष्टीही असतात: चार्ट दोन पानांत मधोमध तुटू नये म्हणून ब्रेक-इनसाइड अव्हॉइड हा सीएसएसचा नियम लावतात, वर चिकटवलेला हेडर प्रत्येक पानावर येऊन मजकूर झाकतो म्हणून तो प्रिंटपुरता सुटा करतात, आणि ब्राउझर सहसा बॅकग्राउंडचे रंग छापत नाही त्यामुळे लाल-हिरव्या खुणांवर चालणारा रिपोर्ट एकदम मुका होतो, तिथे प्रिंटच्या खिडकीत बॅकग्राउंड ग्राफिक्सवर टिक करायची.

स्क्रीनशॉट घेऊन त्याची पीडीएफ करणं हा लोकांचा आवडता शॉर्टकट, पण त्यात अक्षरांचं चित्र होतं, शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि पान फार लांब असेल तर ब्राउझर ज्यावर चित्र काढतो त्या कॅनव्हासची मर्यादा ओलांडून कोरं चित्र मिळतं. मराठी रिपोर्टला आणखी एक त्रास, ब्राउझरच्या बाहेर स्वतः पीडीएफ रचणाऱ्या काही लायब्ररींना (म्हणजे प्रोग्रॅममधे वापरायच्या तयार कोडला) देवनागरी जमत नाही, जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. ब्राउझरच्याच इंजिनने पीडीएफ काढली तर अक्षरं सहसा नीट येतात.

पाठवण्याआधी पीडीएफमधे यादीतलं शेवटचं नाव शोधून बघावं. "हिंगोली" सापडलं तर शेवटची ओळ आली आणि अक्षरंही खरी आहेत, नाही सापडलं तर शेवटचं पान डोळ्यांनी बघून ओळ गेली की अक्षर मोडलं ते ठरवावं.