पेटी, कपाट आणि दिवाळी अंक: मराठी वाचकाला वेगळं पुस्तक कसं भेटत गेलं

सयाजीराव गायकवाड १९१० साली अमेरिकेत होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांना इतकी आवडली की विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच त्यांनी बडोद्याला बोलावून घेतलं. संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्येच लागू झालं होतं. पण शाळा सुटलेल्या पोराला गावात वाचायला काही मिळालं नाही, तर चार वर्षांत तो अक्षरं विसरणार, ही अडचण उरली होती. बॉर्डन तीन वर्षं राहिला. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचे वर्ग निघाले आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थानचा. पुढे हे खातं जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने सांभाळलं. मुलूख गुजराती असल्याने पेट्यांत गुजराती पुस्तकांचा भरणा अर्थातच जास्त असायचा, मराठी त्यामानाने कमी.

या पेटीला मी महत्त्व देतो ते एका कारणासाठी. ‘आज काय वाचावं’ या प्रश्नावर मराठी मुलखात दोन उत्तरं चालत आली आहेत. एक कपाटाचं: तुम्हाला जे हवं ते मागा, आम्ही काढून देतो. दुसरं पेटीचं: आम्ही निवडून पाठवलंय, उघडून बघा. कपाट थोरच, पण कादंबरी वाचणाऱ्याच्या हातात पक्ष्यांचं पुस्तक आलं, चरित्रं वाचणारा कृष्णविवरापर्यंत पोचला, हे बहुतेक वेळा पेटीच्या वळणाने झालं. ही पेटी दर वेळी लाकडाचीच होती असं नाही.

कपाटाचा इतिहास जुना. रत्नागिरीत १८२८ मध्ये, अहमदनगरला १८३८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये आणि पुण्यात १८४८ मध्ये ग्रंथालयं निघाली. ‘नेटिव्ह लायब्ररी’ अशी नावं, इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार किंवा आश्रय, सभासद म्हणजे कचेरीतले नोकरदार आणि शहरातले प्रतिष्ठित, पुस्तकं मुख्यतः इंग्रजी. त्यात मराठी वाचकाला फारसं काही नव्हतं, कारण मराठीत छापलेलंच थोडं होतं. व्याकरणं, शालेय पुस्तकं, पोथ्या आणि भाषांतरं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याही त्याच सुमारास.

केवळ मराठी ग्रंथांसाठी ग्रंथालय असावं ही कल्पना यायला शतक संपत आलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. ठाण्याच्या संस्थेमागे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे होते. ही माणसं संग्राहक वृत्तीची. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक मिळवायचं आणि सांभाळायचं, असा त्यांचा ध्यास. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती केली, तीही याच वृत्तीची. दाते सूची चाळताना कळतं की जे नव्हतंच असं आपण समजतो ते बरंच काही होतं: शेती, वैद्यक, ज्योतिष, यंत्रं, प्रवास. छापलं गेलं, नोंदलं गेलं, पण कितीजणांनी वाचलं?

कारण देवघेव खिडकीतून व्हायची. वर्गणी, अनामत, एक पुस्तक आणि एक मासिक. सभासदाने सूची बघून चिठ्ठीवर क्रमांक लिहायचे, आतल्या माणसाने कपाटातून पुस्तक आणायचं. पुस्तकाचं मूळ मुखपृष्ठ जाऊन त्यावर जाड बांधणी आणि कण्यावर क्रमांक. अशा व्यवस्थेत ज्याचं नाव ठाऊक तेच मागितलं जातं. हरिभाऊ आपटे माहीत, मग हरिभाऊ मागा. पुढे फडके, खांडेकर. शहरांतल्या गल्लीबोळांतल्या भाड्याच्या वाचनालयांनी तर हिशेब आणखी सोपा केला: बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. हजारावर पुस्तकं लिहिणारा हा लेखक नाक मुरडत वाचला गेला खरा, पण वाचनाची चटक लावण्यात त्याचा वाटा मोठ्या मोठ्या समीक्षकांपेक्षा अधिक असावा, असं माझं मत आहे.

कथा-कादंबरीबाहेरचं लेखन घरात शिरलं ते वेगळ्या दाराने. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते लिहून काढलं, आणि वैद्यांनी ते संपादित करून १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं, तेही भटजींच्या पश्चात. वैद्यांनी बरीच काटछाट केली होती. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी आणली ती १९६६ मध्ये. एका भिक्षुकाची आठवण छापील पुस्तक होऊ शकते, हे तेव्हा नवंच होतं. तीन वर्षांनी रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत आली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं ते गद्य आजही ताजं आहे. तिरसट सासरा, धर्मांतर करून बसलेला कवी नवरा आणि स्वतःची फजिती, तिन्हींवर एकाच खेळकरपणे लिहिणारी बाई मराठीत दुसरी झालेली नाही. आठवणी सांगणं हे थोरांच्या चरित्रापेक्षा वेगळं काम आहे, हे या पुस्तकांनी मराठी वाचकाच्या गळी उतरवलं.

याच काळात पेटी वेगळ्या रूपात परत आली. ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी मित्र झालेले) यांनी १९०९ मध्ये दिवाळीचा खास अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथून मोजतात. या प्रकाराची खरी ताकद त्याच्या सरमिसळीत आहे. कथेसाठी विकत घेतलेल्या अंकात प्रवास असतो, एखाद्या डॉक्टरचा अनुभव, शेतीवरचा लेख, व्यंगचित्रं, आणि शेवटी राशिभविष्य. वाचनालयांनी दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी ठेवली आणि एकेक अंक फाल्गुनापर्यंत घरोघर फिरू लागला. भविष्य वाचायला अंक उघडणाऱ्या माणसाच्या नजरेखालून आधीची दोनशे पानं जातातच. पुढे गाजलेली कितीतरी पुस्तकं आधी अशा अंकांतून तुकड्यातुकड्याने वाचली गेली आहेत.

विज्ञानाचं मात्र बराच काळ जमत नव्हतं. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दिग्दर्शन’ १८४० चं, म्हणजे मराठी कादंबरीच्याही आधीचं. १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागलं. पण ते वाचणारे ते आधीच विज्ञानाकडे कललेले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजहून परतलेल्या, पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाला परीक्षकांनी नावामुळे झुकतं माप देऊ नये म्हणून ही युक्ती. मला त्यातली गंमत अशी वाटते की वाचकालाही त्यामुळे कथा आधी कथा म्हणूनच भेटली. गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो, हे धडा म्हणून समजलं नसतं, ते गोष्ट म्हणून समजलं.

निसर्गलेखनाची कथा आणखी वेगळी. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर बारा लेख. झाडांची पालवी, मुंबईच्या समुद्राचे रंग, कीटक, फळं, ढग. वनस्पतींचं चोख निरीक्षण, त्यात लोककथा आणि संस्कृत कवी मिसळलेले. हे पुस्तक ठेवायचं कुठे हा प्रश्न ग्रंथपालांना पडलाच असणार. विज्ञान म्हणावं तर तक्ते नाहीत, प्रवास म्हणावा तर लेखिका फार लांब जात नाही. शेवटी ते ललित निबंधांत जाऊन बसलं, आणि ते बरंच झालं. लघुनिबंध शोधायला आलेल्या माणसाला त्यात शिरीषाची फुलं मिळाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने त्याच्या आदल्याच वर्षी माणदेशचं ओसाड रान कादंबरीत आणलं होतं. माडगूळकर पुढे जंगलांवरही लिहू लागले, तेव्हा त्यांचा वाचक त्यांच्यामागून रानात गेला. लेखकावर विश्वास असला की वाचक विषय बदलायला तयार होतो.

मारुती चितमपल्लींना असा आयता वाचक नव्हता. ते वनखात्यातले अधिकारी. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट, कर्नाळा इथे नोकरी. पक्ष्यांची नावं त्यांनी पुस्तकांबरोबरच कोळी, गोंड, शिकारी, गुराखी यांच्याकडून गोळा केली आणि संस्कृत ग्रंथांशी ताडून पाहिली. त्यामुळे त्यांच्या पानावर एखादा पक्षी येतो तो गावचं नाव, पोथीतलं नाव आणि त्याच्याभोवतीची समजूत घेऊन. काही समजुती शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. त्यांच्यावर तशी टीका होते ती मला गैर वाटत नाही. पण सोलापूरला २००६ मध्ये एक वनाधिकारी मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तोवर निसर्गलेखन हे साहित्याच्या ओसरीवरचं लेखन मानलं जायचं. नारळीकरही २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी, २०१४ मध्ये. म्हणजे विज्ञान, कथा आणि आठवणी अशी तिन्ही कपाटं एकाच माणसाने भरली. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, जूनमध्ये चितमपल्ली.

पुस्तक निघालंय हे कळण्याची सोय हा या सगळ्यातला वेगळा धागा. १९६४ च्या जानेवारीत केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक काढलं. वाहिलेलं फक्त ग्रंथांना. आता वाटतं, अशा मासिकाला कोण विचारणार? पण त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांची यथेच्छ टवाळी करत, आणि वसंत सरवट्यांनी चितारलेला हातोडाधारी ठणठणपाळ बघायला लोक अंक उघडत. पुढची पानं नव्या पुस्तकांची. युक्ती पुन्हा तीच.

सरकारनेही १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड असे वर्ग, त्यानुसार अनुदान. गावोगाव ग्रंथालयं झाली, मान्यताप्राप्त संख्या पुढे ११-१२ हजारांच्या घरात गेली. अनुदानाची रक्कम आणि ग्रंथपालाचा पगार हा विषय इथे काढत नाही. तो काढला की दुसरं काही बोलता येत नाही.

सत्तरच्या दशकात मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, आणि त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांकडे जाणाऱ्या. ही कोंडी फोडायला दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली, स्वतःला वाचक चळवळ म्हणवत. आधी पैसे भरून सभासद व्हायचं, मग कमी किमतीत पुस्तकं मिळायची. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ या वाटेने आलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. मुंबईच्या कावाखाना वस्तीतलं आणि गावच्या महारवाड्यातलं बालपण, कैकाड्यांच्या पालावरचं जगणं, असं काही वाचायचं म्हणून त्या काळच्या मध्यमवर्गीय सभासदाने चिठ्ठीवर क्रमांक लिहिला असता का? काहींनी लिहिला असता, बहुतेकांनी नसता. घरात आलेलं पुस्तक त्यांनी वाचलं, आणि आत्मकथन म्हणजे काय याची मराठी कल्पनाच उलटीपालटी झाली. गोडसे भटजी ते दया पवार, हे अंतर सत्तर वर्षांत कापलं गेलं.

१९८१ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या वीणा गवाणकर यांनी ‘एक होता कार्व्हर’ लिहिलं. गुलामीत जन्मलेला अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ, भुईमूग, रताळी आणि खराब झालेली जमीन. चरित्र म्हणून हाती घेतलेलं हे पुस्तक मातीविषयी आणि प्रयोगांविषयी बोलत राहतं. चाळीस वर्षांनंतरही ते शाळकरी मुलांना बक्षीस म्हणून दिलं जातं. चरित्राच्या कपाटातून इतकं विज्ञान दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने बाहेर काढलं असेल असं मला वाटत नाही.

अलीकडचे दोन प्रयोग या दोन उत्तरांची नवी रूपं आहेत. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं, इथे लोकांच्या घरांत, देवळात, लॉजमध्ये मांडलेली कपाटं, आणि बसून वाचायला पैसे नाहीत. सुरुवातीला अशी २५ ठिकाणं होती. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, कुठे चरित्रं-आत्मचरित्रं, कुठे विज्ञान, कुठे इतिहास. वर्गवारी पक्की, फक्त एका वर्गातून दुसऱ्यात जायला रस्ता ओलांडावा लागतो. वाटेत शेत लागतं, चहा मिळतो, आणि कंटाळलेला नवरा बायकोची कविता वाचून होईपर्यंत शेजारच्या घरात शिरतो. कपाटाला पाय फुटले, एवढा फरक.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. देणगीदारांच्या पैशातून पुस्तकं घेऊन पेट्या भरायच्या. वाचकांच्या एका गटाकडे एक पेटी, काही महिन्यांनी गटांनी आपसांत पेट्या बदलायच्या. प्रत्येक पेटीतली पुस्तकं वेगळी, आणि सगळ्या प्रकारांची. या पेट्या दुबईपर्यंत गेल्या, तिथल्या मराठी कुटुंबांत फिरल्या. बडोद्याच्या पेटीमागे राजाचा हुकूम आणि खजिना होता, हिच्यामागे वाढदिवसाला दिलेल्या देणग्या. निवड मात्र दोन्हीकडे दुसऱ्याचीच, आणि तक्रारीही त्याच असणार: आमच्या पेटीत कादंबऱ्या कमी का आल्या?