‘राष्ट्रीय’ म्हणजे कोणाचं? फुटबॉल संग्रहालयाची पार्श्वभूमी

इंग्लंडचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय आज मँचेस्टरला असलं, तरी ते २००१ मध्ये उघडलं प्रेस्टनला, डीपडेल मैदानावर. १८८८-८९ ची इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग इथल्याच संघाने एकही सामना न हरता जिंकली होती.

२०१० मध्ये ते बंद झालं आणि ६ जुलै २०१२ ला मँचेस्टरच्या काचेच्या अर्बिस इमारतीत पुन्हा सुरू झालं. मँचेस्टरने वर्षाला २० लाख पौंड देऊ केले. प्रेस्टनची तेवढी ऐपत नव्हती. प्रेक्षक वाढले, पण मैदानाला चिकटलेला इतिहास उपटून नेला, ही प्रेस्टनची तक्रार रास्तच आहे.

त्यात ‘राष्ट्रीय’ हा शब्दच फसवा. इथे राष्ट्र म्हणजे ब्रिटन नव्हे, इंग्लंड. स्कॉटलंडचं वेगळं संग्रहालय ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर आहे. हा पेच मराठवाड्याला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो, आणि त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिंपिकचं फुटबॉल सुरू झालं. तिथे चौथ्या आलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे, बरेच खेळाडूही तिथलेच. त्याआधीची, स्पर्धेत जिंकलेली एखादी ढाल नांदेडच्या माळ्यावर सापडली, तर पाटीवर राज्य कुठलं लिहायचं?

मालकीचा घोळ त्याहून महागात पडतो. प्रेस्टनच्या संग्रहाचा कणा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या मालकीचा होता. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने केलेला गोल ‘देवाचा हात’ म्हणून गाजला; त्या सामन्यातला त्याचा शर्टही जवळपास वीस वर्षं या संग्रहालयाकडे होता, पण उसना. २०२२ मध्ये मालकाने तो लिलावात काढला आणि सुमारे ७१ लाख पौंडांना विकला. म्हणून संग्रहालयासाठी वस्तू उसनी घेताना मुदत, विमा आणि परतीची अट कागदावर हवी. आधीच्या डागांचे आणि फाटलेल्या जागांचे फोटोही त्याच कागदाला जोडावेत.

लेस ओवून बंद केलेला जुना चामडी चेंडू हाती आला की लोक आधी पंप शोधतात. तिथेच घात होतो. आतला रबरी ब्लॅडर (हवेची पिशवी) कडक झालेला असतो, दाब आला की तो फुटतो आणि कुजलेली शिवण उसवते. चेंडू गोल करायच्या नादी न लागता खाली मऊ कापडाची चुंबळ द्यावी. तेल-पॉलिश अजिबात नको, त्यावर धूळ बसते आणि चामडं काळवंडतं. आपल्याकडे मे महिन्यातल्या ४२ अंशांत चामडं तडकतं, आणि श्रावणात त्याच भेगांत बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने पुसली तर आत मुरते; वस्तू सावलीत, हवेशीर जागी सुकवून मऊ ब्रशने झटकावी, नाकाला मास्क लावून. शर्टावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवावा, आणि तो टांगू नये. जुनं कापड स्वतःच्याच वजनाने खांद्यावर आधी फाटतं.