पितळ न गंजता तडकते तेव्हा

कोनाड्यात नुसता ठेवलेला पितळी तांब्या कोणी हात न लावता उभा चिरला, की घरात शांत करून घेण्याचा सल्ला देणारे आजही भेटतात. त्या चिरेत अशुभ असे काहीही नसते; पितळेत अडकलेला ताण आणि हवेतला अमोनिया यांचे ते काम असते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात साठ्यातच तडकत, म्हणून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. साठा तबेल्यांत होता आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला भिडत होता, हा उलगडा 1921 मध्ये झाला.

काडतुसाच्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. सपाट चकती साच्यातून ओढून तिची नळी केली, की दाब निघून गेल्यावरही नळीच्या बाहेरच्या थरात ओढ शिल्लक राहते. अशी नळी उभी कापली, तर काप आपोआप फाकतो. पितळ असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. अमोनिया, ओलावा आणि प्राणवायू एकत्र आले, की तांबे गडद निळ्या संयुगाच्या रूपाने विरघळू लागते आणि अनेकदा ही झीज कणांच्या सीमांवरच होते. तिथे सूक्ष्म खाच पडली, की सगळी ओढ त्या खाचेच्या टोकावर एकवटते, टोकावरचा पापुद्रा फुटून कोरा धातू उघडा पडतो, तो पुन्हा विरघळतो आणि चीर पुढे सरकते. बाहेरून मात्र भांडे जाडजूड, शाबूत दिसते.

हा छुपा ताण पारखण्याची जुनी कसोटी मला फार देखणी वाटते. मर्क्युरस नायट्रेट या पाऱ्याच्या क्षाराच्या आम्लयुक्त द्रावणात नमुना अर्धा तास बुडवतात. पितळेवर पारा साचून तो चांदीसारखा चकाकतो, पारा कणांच्या सीमांत शिरतो आणि ताण जास्त असेल तर त्या चकाकीवर काळी रेघ उमटते. पारा विषारी असल्याने आता अमोनियाच्या वाफेची कसोटी पुष्कळ ठिकाणी वापरतात: बंद भांड्यात 24 तास ठेवलेला नमुना आम्लाने स्वच्छ करून भिंगाखाली तपासायचा. त्याच घाण्यातला दुसरा नमुना आधी सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअसला तासभर तापवून घेतला असेल, तर ताण बराचसा निवळलेला असतो, पितळेचा कठीणपणा फारसा उतरत नाही, आणि त्याच वाफेतून तो सहसा बिनतड्याचा बाहेर येतो.