दातांची कमान आम्ही कशी मोजतो: मोजमाप-अहवाल वाचण्यासाठी माहितीपत्रक

आपल्या किंवा आपल्या मुलाच्या दातांना तारा लावण्याचा विचार सुरू झाला की दंतवैद्य दातांचे माप घेतात आणि ते प्लास्टरच्या साच्याच्या किंवा स्कॅनच्या रूपात आमच्या प्रयोगशाळेत येते. आम्ही ते मोजून दोन पानांचा अहवाल दंतवैद्यांना परत पाठवतो आणि त्याची एक प्रत आपल्यालाही देतो. ती प्रत हातात पडल्यावर अनेक पालक आम्हाला विचारतात की ‘4.2 मिमी कमी’ म्हणजे नेमके काय कमी आहे आणि ते कसे ठरले. उपचार कोणता करायचा, दात काढायचे की नाही, हे आपले दंतवैद्यच ठरवतात. त्यांच्या निर्णयाला आधार देणारे आकडे कोठून येतात आणि त्यांवर किती विसंबावे, एवढेच आम्ही येथे सांगत आहोत.

मूळ हिशेब वजाबाकीचा

खालच्या जबड्यात एका बाजूच्या पहिल्या कायमच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत, दोन्ही दाढा वगळून, दहा दात असतात: चार पटाशीचे, दोन सुळे आणि चार उपदाढा. या दहा दातांच्या रुंदींची बेरीज म्हणजे लागणारी जागा. त्या दोन दाढांमधल्या कमानीची वळणावळणाने मोजलेली लांबी म्हणजे उपलब्ध जागा. दुसरीतून पहिली वजा केली की जे उरते ते अहवालाच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहिलेले असते.

नमुन्यादाखल एक उदाहरण घेऊ. एका बाजूच्या पाच दातांच्या रुंदी समोरून मागे अनुक्रमे 5.3, 5.9, 6.8, 7.0 आणि 7.2 मिमी असतील, तर त्यांची बेरीज 32.2 मिमी होते आणि दुसरी बाजू तशीच असेल तर एकूण 64.4 मिमी जागा लागते. कमान मात्र 60.2 मिमीच भरली, तर 4.2 मिमी जागा कमी आहे. दात एकमेकांवर चढलेले किंवा तिरके दिसतात ते याच कमतरतेमुळे.

हिशेब सोपा असला तरी मोजणे सोपे नाही. प्रत्येक दाताची रुंदी आम्ही व्हर्निअर कॅलिपरने 0.1 मिमीपर्यंत मोजतो. या 0.1 मिमीला आम्ही फार जपतो, आणि त्याचे कारण गणितात आहे. दहा दात मोजताना प्रत्येक वेळी एकाच दिशेने 0.1 मिमी जास्त वाचले गेले, तर बेरजेत पूर्ण 1 मिमीची चूक येते. तीच चूक कधी जास्तीच्या, तर कधी कमीच्या बाजूने होत असेल, तर ती परस्परांना बरीचशी खोडते आणि बेरजेतली अपेक्षित चूक 10 च्या वर्गमूळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे 0.3 मिमीच वाढते. म्हणून हाताच्या किरकोळ थरथरीपेक्षा एकाच दिशेने झुकलेल्या सवयीची आम्हाला अधिक काळजी वाटते. त्यासाठी रोज सकाळी ठाऊक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर व्हर्निअर तपासला जातो, आणि प्रत्येक साचा दोन वेगवेगळ्या व्यक्ती एकमेकींचे आकडे न पाहता मोजतात. एखाद्या दाताच्या दोन मापांत 0.2 मिमीपेक्षा अधिक फरक आला, तर तो दात तिसऱ्यांदा मोजला जातो.

साच्याचीही स्वतःची चूक असते. अल्जिनेटमध्ये, म्हणजे तोंडात घट्ट होणाऱ्या ओल्या लगद्यात, घेतलेले माप उघड्यावर राहिले की त्यातले पाणी उडून ते आकसते, म्हणून प्लास्टर लवकर ओतावे लागते. स्कॅनरने घेतलेल्या मापात असे आकसणे नसते. पण तेथे लहान लहान चित्रे एकमेकांना जोडत पूर्ण कमान तयार होते आणि प्रत्येक जोडाची बारीक चूक पुढे पुढे साठत जाते. त्यामुळे स्कॅन आला तरी दोन दाढांमधले सरळ अंतर आम्ही वेगळे पडताळतो.

कमान कोणत्या आकाराची?

आपल्या प्रश्नाचा खरा गाभा येथे आहे. दात एका ओळीत नीट बसले असते तर ती ओळ कोणत्या वक्ररेषेवर पडली असती, या प्रश्नावर दंतवैद्यकात शंभर वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे. 1905 मध्ये हॉले यांनी, बॉनविल यांच्या त्याआधीच्या समभुज त्रिकोणाच्या कल्पनेवरून, पुढचे सहा दात वर्तुळाच्या कंसावर आणि मागचे दात सरळ रेषांवर बसवणारी रचना मांडली. पुढे अन्वस्त (पॅराबोला, म्हणजे तिरका फेकलेला चेंडू ज्या वाटेने जातो तो वक्र), लंबवर्तुळ आणि अनेक पदांची बहुपदी समीकरणे वापरून पाहिली गेली. 1949 मध्ये मॅक्कोनेल आणि शेर यांनी कमानीसाठी रज्जुवक्र सुचवला. रज्जुवक्र म्हणजे दोन टोकांना धरलेली साखळी आपल्याच वजनाने जो आकार घेते तो. दारावर सैल बांधलेली फुलांची माळ मनात आणली तर तो आकार लगेच डोळ्यांसमोर येईल. गॅलिलिओने असा आकार जवळजवळ अन्वस्तासारखा असल्याचे लिहिले होते, आणि तो अन्वस्तापेक्षा वेगळा कसा आहे याचे नेमके समीकरण 1691 मध्ये लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी दिले.

हा फरक केवळ गणितज्ञांपुरता नाही. समजा दोन दाढांमधली रुंदी 40 मिमी आहे आणि त्या रेषेपासून समोरच्या दातांपर्यंतची खोली 24 मिमी आहे. ही दोन मापे तशीच ठेवून अन्वस्त काढला, तर त्याची लांबी 65.4 मिमी येते, आणि रज्जुवक्र काढला, तर 66.4 मिमी. तोंड तेच, मापे तीच, पण केवळ सूत्र बदलल्याने उपलब्ध जागेत जवळपास 1 मिमीचा फरक पडतो. म्हणूनच कोणता वक्र वापरला हे न लिहिता नुसता आकडा देणे आम्हाला योग्य वाटत नाही. आमच्या अहवालात मुख्य आकडा सूत्रातून येत नाही. तो साच्यावर पितळी तार दातांच्या कमानीवरून वळवून, मग ती सरळ करून मोजलेला असतो. वक्राचे समीकरण त्याच्या शेजारी पडताळणीसाठी दिलेले असते. दोहोंत 1 मिमीहून जास्त तफावत असेल, तर ती कमान दोन्ही बाजूंनी सारखी नाही किंवा तार नीट बसली नाही, असे समजून आम्ही पुन्हा मोजतो.

समीकरणाचा आणखी एक उपयोग आहे, जो पितळी तारेने साधत नाही. कमान थोडी रुंद केली किंवा समोरचे दात थोडे पुढे आणले, तर किती जागा मिळेल, हे त्यातून आधीच काढता येते. वरच्याच अन्वस्तात रुंदी 40 ची 41 मिमी केली, तर लांबी 65.4 वरून 66.1 होते, म्हणजे सुमारे 0.7 मिमी जागा वाढते. खोली 24 ची 25 मिमी केली, तर लांबी 67.0 होते, म्हणजे 1.6 मिमी वाढते. कागदावर पाहिले तर दात पुढे आणणे अधिक लाभाचे दिसते, आणि अनेक पालक तसे विचारतातही. परंतु दातांच्या मुळांभोवतीचे हाड आणि हिरडी यांची जाडी मर्यादित असते, आणि खालच्या दोन सुळ्यांमधले अंतर वाढवले, तर तारा निघाल्यावर ते बहुधा परत कमी होत जाते. त्यामुळे तक्त्यात मोठा दिसणारा आकडा तोंडात टिकेलच असे नाही. खालच्या सुळ्यांमधले मूळ अंतर आम्ही अहवालात ठळक अक्षरांत लिहितो ते यासाठीच.

दुसऱ्या पानावरचे प्रमाण

दुसऱ्या पानावर वरच्या आणि खालच्या दातांची तुलना असते. 1958 मध्ये बोल्टन यांनी उत्तम चाव्याच्या, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसणाऱ्या, 55 व्यक्तींचे दात मोजले. त्यांत खालच्या बारा दातांची बेरीज वरच्या बारांच्या सरासरी 91.3 टक्के आणि खालच्या पुढच्या सहांची बेरीज वरच्या सहांच्या 77.2 टक्के आढळली. आपल्या उदाहरणात खालचे सहा दात 36.0 मिमी आहेत. वरचे सहा 44.8 मिमी असतील, तर प्रमाण 80.4 टक्के होते, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या मानाने 1.4 मिमी जास्त आहेत. दोन्ही जबडे स्वतंत्रपणे सरळ केले, तरी चावा नीट न बसण्याचे हे एक कारण असू शकते.

ज्या मुलांचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, त्यांच्या हिरडीतील सुळा आणि उपदाढा मोजता येत नाहीत, म्हणून अंदाज करावा लागतो. 1974 मधील टानाका आणि जॉन्स्टन यांच्या पद्धतीत खालच्या चार पटाशीच्या दातांच्या बेरजेचे अर्ध घेऊन त्यात खालच्या जबड्यासाठी 10.5 आणि वरच्यासाठी 11.0 मिमी मिळवतात. आपल्या उदाहरणातील 22.4 मिमी बेरजेवरून खाली एका बाजूला 21.7 मिमी येतात, तर प्रत्यक्ष दात 21.0 मिमी आहेत. दोन्ही बाजू धरल्या तर 1.4 मिमीचा फरक. ही पद्धत अमेरिकेतल्या, मुख्यतः युरोपीय वंशाच्या मुलांच्या मापांवरून बनली आहे. वरच्या पटाशीच्या दातांवरून कमानीची ‘योग्य’ रुंदी सांगणारा 1909 चा पाँट यांचा निर्देशांकही फ्रान्समधल्या लोकांवरून काढलेला आहे. आपल्या मुलांच्या जबड्यांना असे आकडे जसेच्या तसे लावणे आम्हाला पटत नाही, त्यामुळे अंदाजाने आलेला प्रत्येक आकडा अहवालात निळ्या शाईत आणि मोजून आलेला काळ्या शाईत असतो.

उपचाराआधीचा साचा किंवा स्कॅनची फाइल कृपया जपून ठेवावी. तारा काढल्यानंतर रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायचे साधन) बनवताना आणि त्यानंतरच्या तपासण्यांत आम्ही त्याच खुणांवरून, त्याच सुळ्यांमधले अंतर पुन्हा मोजतो, आणि ते मूळ मापापासून किती सरकले, हे पहिल्या साच्याशिवाय सांगता येत नाही.