इंजिन बसवलेली सायकल: इंजिन आणि फ्रेमची निवड

साध्या सायकलला छोटं पेट्रोल इंजिन जोडलं की इंजिनची सायकल तयार होते, पायडल तसंच राहतं, चढाला आणि लांबच्या पल्ल्याला इंजिन ओढतं. हे खूळ जुनंच आहे. फ्रान्समध्ये १९४६ पासून पुढच्या चाकावर रोलर घासून चालणारी व्हेलोसोलेक्स विकली गेली, १९४७ ला होंडानं जपानमध्ये सायकलला लावायचं इंजिन काढलं, आणि आपल्याकडं १९७२ ला पायडलवाली लुना आली, पण ती कारखान्यातनंच तयार यायची, इथं विषय गॅरेजात जोडायच्या सायकलीचा आहे.

कोल्हापुरात बहुतेकजण सुरुवात इंजिनापासनं करतात. इथलं शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वसाहत, वाढलंच ऑईल इंजिन आणि फौंड्रीवर (धातूच्या ओतकामावर), लेथवाला, वेल्डर, नटबोल्टचं दुकान सगळं हाकेच्या अंतरावर, आणि रानात फवारणी पंप नाहीतर ग्रास कटर पडलेलाच असतो, मग इंजिन हातात आलं की घरातली सायकल काढली आणि बसवलं. हे उलटं होतंय. आधी फ्रेम, चाक आणि ब्रेक बघायचे, मग त्याला झेपेल तेवढंच इंजिन घ्यायचं.

फ्रेम लोखंडीच हवी. दुधाच्या किटल्या अडकवून फिरणारी जुनी काळी सायकल यासाठी लई चांगली, नळी भक्कम, मधला त्रिकोण मोठा, त्यात इंजिन आणि कार्बोरेटर दोन्ही मावतात, आणि मागच्या चाकाचा खाचा लांब असल्यानं चेन ताणायला जागा मिळते. अॅल्युमिनियमची फ्रेम सततच्या थरथरीनं थकते, नळ्यांचा घेरही मोठा असतो त्यामुळं इंजिन नळीला आवळून धरणारा क्लॅम्प बसत नाही. किटचे, म्हणजे इंजिन आणि जोडणीचं सामान एकत्र मिळतं त्या संचाचे, क्लॅम्प साधारण २८.६ मिलिमीटर व्यासाच्या नळीला धरून केलेले असतात, म्हणून किट घ्यायच्या आधी इंजिन बसतं त्या दोन्ही नळ्यांचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. मागं सस्पेन्शन असलेली फ्रेम नकोच.

काळ्या सायकलीची दुखणी दोन. एक म्हणजे सळईचे ब्रेक, पावसात लोखंडी रिमवर ते धरतच नाहीत, तेव्हा पुढचं चाक चांगल्या ब्रेकचं करून घ्यावं. दुसरं मागच्या चाकात लपलेलं असतं. किटचं ४४ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाची चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, डाव्या बाजूच्या स्पोकांना रबरात दाबून ९ बोल्टांनी आवळतात, ३६ स्पोकच्या चाकाला डावीकडं १८ येतात, ते ९ बोल्टांत बरोबर वाटले जातात. जुन्या सायकलींना मागं बऱ्याचदा ४० स्पोक, म्हणजे डावीकडं २०, मग बोल्ट स्पोकला अडतात आणि स्प्रॉकेट मधोमध बसत नाही. चाक उचलून हातानं हळू फिरवा, चेन एका जागी ताठ आणि अर्ध्या फेऱ्यानं ढिली झाली तर असंच झालंय समजा. चाक ३६ चं बांधून घ्यायचं, रबर कापून जुळवाजुळव करू नका.

इंजिनाचं म्हणाल तर '८० सीसी' म्हणून विकलं जाणारं टू-स्ट्रोक किट बहुतेकदा ४७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची चाल), म्हणजे खरं ६६ सीसी. इंजिनातला गिअर ४.१ पट, चेनीला पुढं १० दात, मागं ४४, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे एकूण १८ फेरे. इंजिनाच्या मिनिटाला ४५०० फेऱ्यांना २६ इंची चाकावर ताशी ३१ किलोमीटर, २८ इंचीवर ३३ च्या पुढं, म्हणजे मोठ्या चाकानं वेग वाढतो पण जोतिबाच्या घाटात दम कमी पडतो, तिथं मागचं स्प्रॉकेट मोठं करावं लागतं. टू-स्ट्रोकला पेट्रोलात ऑईल लागतंच, २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. फोर-स्ट्रोकला मिसळायची कटकट नाही, धूर कमी, आवाज सुसह्य. गावातल्या गावात फिरायला २५ सीसीचं फोर-स्ट्रोक मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, चढाला थोडं पायडल मारायची तयारी ठेवायची.

त्यात कायद्याचाही भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन 'मोटार वाहन' धरत नाहीत. त्याच्या वर गेलात की नोंदणी, लायसन्स, इन्शुरन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होणं अवघडच.

इंजिन बसवताना खालच्या नळीला भोक पाडून बोल्ट टाकणारे असतात. ते करू देऊ नका, तडा भोकापासनंच सुरू होतो आणि क्लॅम्पखाली दिसत नाही. क्लॅम्प महिन्यातनं एकदा सोडून नळी पुसा, रंगात केसाएवढी रेघ दिसली तर ती फ्रेम बाजूला काढा, वरून वेल्डिंग मारून चालवू नका.