"हिला सोडवा" म्हणजे नक्की काय करा?

कोणी गेलं की नातेवाईकांच्या ग्रुपवर 'इच्छामरण मागितलं होतं, डॉक्टरांना दयाच नाही' असं कोणीतरी ठोकून देतं. वाचून वाचून वैताग आलाय, कारण इच्छामरण या एका शब्दात लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात.

एक म्हणजे इंजेक्शन देऊन मरण देणं. ते सगळ्यांना कळतं. आपल्याकडे गुन्हा आहे, पेशंटने लिहून दिलं तरी, फार तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध लागेल. नेदरलँडमध्ये 2002 पासून कायद्यात बसतं, पण तिथेही डॉक्टर नाही म्हणू शकतो.

दुसरी म्हणजे उपचार थांबवणं. हे सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला मान्य केलंय, लिव्हिंग विलसकट (म्हणजे शुद्धीत असतानाच 'मला असे उपचार नकोत' असं लिहून ठेवणं), आणि 2023 ला त्या विलवरची मॅजिस्ट्रेटची सही काढून ते नोटरीवर आणलं. पेशंट बेशुद्ध असेल तर उपचार थांबवायचे की नाही हे ठरवायला तीन-तीन डॉक्टरांची दोन बोर्डं बसतात वगैरे वगैरे.

आता इथे हमखास प्रश्न येतो, 'शेवटी माणूस गेलाच ना, मग फरक काय?' फरक असा की व्हेंटिलेटर काढल्यावर माणूस जगलाच तर डॉक्टर काय करणार? काही नाही, जगू देणार. अमेरिकेत कोमात गेलेल्या कॅरन क्विनलन या तरुणीचा व्हेंटिलेटर 1976 ला काढला आणि ती स्वतःच्या श्वासावर 1985 पर्यंत राहिली, कोणी म्हणालं नाही की काम अर्धवट राहिलं. इंजेक्शनवाला डॉक्टर मात्र पेशंट वाचला तर दुसरं भरणार, कारण मरण हेच त्याचं काम. ते बहुतेक डॉक्टरांना नकोय, आणि मला विचाराल तर नकोच असावं.

आणि कृपा करून प्रत्येक वेळी अरुणा शानबागचा (मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स, हल्ल्यानंतर अनेक वर्षं तिथेच अंथरुणाला खिळलेली) व्हेंटिलेटर मध्ये आणू नका, तो कधी नव्हताच. केईएमच्या नर्सेस तिला भरवायच्या, त्यांचाच विरोध होता, आणि 2011 ला कोर्टाने तिच्या बाबतीत नाही म्हटलं, पण उपचार थांबवायची वाट त्याच निकालाने उघडली.

आमच्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर. आयसीयूबाहेर चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, हिला सोडवा हो." डॉक्टरांचा चेहराच बदलला, "तसलं आम्ही करत नाही," म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "परत नळी घालू नका, दुखणं तेवढं थांबवा, ती स्वतः सांगतीये." आत्या शुद्धीत होती, तिने मान हलवली. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि वीस मिनिटं बोलत बसले. तेच डॉक्टर, हां.

दुखणं कमी करायला मॉर्फिन सुरू झालं. चुलतभाऊ अजून म्हणतो, शेवटी इंजेक्शन दिलंच ना. अरे, त्या इंजेक्शननंतर ती नऊ दिवस होती आणि दोनदा चहा मागून प्यायली, त्यातला एक तूच आणला होतास.