नेब्रोडी धिंगरी व तिची आश्रय वनस्पती

सिसिली बेटाच्या उत्तर भागातील मादोनिए पर्वतावर चुनखडीच्या खडकाळ कुरणांत एकत्र आढळणारी रानवनस्पती व अळंबी. वनस्पतीचे शास्त्रीय नाव प्रँगॉस फेरुलॅसिया (जुने नाव कॅक्रिस फेरुलॅसिया), अळंबीचे प्ल्यूरोटस नेब्रोडेन्सिस. अळंबीला मराठी नाव नाही. वंश आपल्याकडच्या धिंगरीचाच, म्हणून येथे नेब्रोडी धिंगरी म्हटले आहे.

वनस्पती ओवा, बडीशेप व कोथिंबिरीच्या चामर कुलातली. ती बहुवर्षायू असून पाने शेपूसारखी बारीक चिरलेली, फुलोरा छत्रीसारखा व फुले पिवळी असतात. भूमध्य प्रदेशापासून इराणपर्यंत ती पसरली आहे. पूर्व तुर्कस्तानात व इराणमध्ये गुरांसाठी कापून वाळवतात. मुळे शाबूत राहिली, तर ती पुढच्या वसंतात पुन्हा फुटते.

अळंबीची गोष्ट वेगळी. तिचे कवकजाल (जमिनीतील धाग्यांचे जाळे) या वनस्पतीच्या मुळांवर व वाळलेल्या बुंध्यावर पोसले जाते आणि वसंत ऋतूत माती फोडून मलईच्या रंगाची, मांसल छत्री वर येते. जून झाली की छत्रीचा पृष्ठभाग भेगाळतो. बीजाणू छत्रीखालच्या पटलांवर तयार होतात, पण खवय्यांना हवी असते ती कोवळी, न उघडलेली छत्री. म्हणजे बी धरण्याआधीच पीक उचलले जाते. सिसिलीतील वनस्पतिशास्त्रज्ञ जूझेप्पे इंझेंगा यांनी 1863 मध्ये या जातीचे वर्णन केले, तेही तिच्या चवीची तोंडभरून स्तुती करत. पुढे तिला किलोमागे 50 ते 70 यूरो भाव मिळू लागला आणि हौशी तोडणाऱ्यांचीही भर पडली.

आययूसीएनने (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने) 2006 मध्ये तिला अतिसंकटग्रस्त ठरवले. क्षेत्र 100 चौ. किमी.पेक्षा कमी आणि वर्षाला पक्व होणाऱ्या छत्र्या 250 हूनही कमी, असा त्या वेळचा अंदाज होता. आश्रय वनस्पती मुबलक असूनही ही अवस्था, हे विशेष. मादोनिए उद्यानात अपक्व छत्री तोडण्यास मनाई आहे, आणि सिसिलीची राजधानी पालेर्मो येथील संशोधकांनी तिची लागवडही साधली आहे. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकवली जाणारी पांढरी ‘बायलिंग’ अळंबी बरीच वर्षे याच नावाने विकली गेली. ती जात निराळी निघाली.